आमची वाटचाल : ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) कापडावर उभा राहिलेला धंदा

मिरजेत कारखाने कुठले, असं कुणी विचारलं की आम्ही दवाखान्यांकडे बोट दाखवतो. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि रेल्वेचं जंक्शन तर होतंच. बेळगाव-विजापूरपासून पंढरपूरपर्यंतचा पेशंट इथं येतो, सोबत दोन-तीन माणसं घेऊन. त्यांच्यावर लॉज चालतात, खानावळी चालतात, रिक्षा चालतात. मेडिकलवाला कानडी बोलणारा पोरगा मुद्दाम कामाला ठेवतो.

आमचं काम ऑपरेशन थिएटरचं कापड शिवण्याचं. वडील शाळेचे गणवेश शिवायचे. जुलै उजाडला की मशीन गप्प. एका ओळखीच्या सिस्टरनं गाऊन शिवून मागितले आणि वडिलांच्या लक्षात आलं, की या कामाला सीझन नाही.

पण गणवेश शिवणारा हात इथं पुरत नाही. होल टॉवेलच घ्या. मधल्या छिद्रातून सर्जन काम करतो. डोळ्याच्या ऑपरेशनला छिद्र लहान गोल, पोटाच्या ऑपरेशनला लांब चीर. त्या कडेचा एक धागाही सुटता कामा नये, तो जखमेत जातो. म्हणून नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कडेवरून दोरा गुंफणारी शिलाई, चालत नाही, कड आत दुमडून दोन टिपा माराव्या लागतात. गाऊनला बटण नाही, मागे नाड्या. कापड कॅसमेंटचं, म्हणजे घट्ट विणीचं सुती, हिरवं किंवा निळं, आणि कापण्याआधी धुऊन आटवलेलं. नाहीतर ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं कापड निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, 121 अंशांत बाह्या मनगटावरून वर सरकतात.

हे कापड आम्ही इचलकरंजीहून आणतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. टक्केवारीचं आम्हाला फारसं कळत नाही, पण रुग्णालयानं चादरींची ऑर्डर दिली की इचलकरंजीतला माग चालतो, टेम्पोवाल्याला भाडं मिळतं आणि आमच्याकडच्या बायकांचा पगार निघतो, एवढं रोज दिसतं. त्यातल्या एका ताईंच्या सासूबाई मोतीबिंदू काढल्यावर तासगावच्या द्राक्षबागेत परत कामाला जाऊ लागल्या. तीही कमाईच, पण दवाखान्याच्या हिशेबात ती कुणी धरत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि ओटीचं कापड कुणालाच नको झालं. पीपीई किटच्या शिलाईवर गरम टेप मारायचं मशीन लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. कापडी मास्क शिवून दिवस काढले.

खरं दुखणं उधारीचं. एका मोठ्या रुग्णालयाचं बिल इतकं लांबलं, की दिवाळीचा बोनस आम्ही सोनं ठेवून दिला. विचारलं की उत्तर एकच, वरून पैसे आले नाहीत. छोट्या उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करा, नाहीतर पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळणार नाही, असा नियम 2024 मध्ये लागू झाला. खासगी नर्सिंग होम त्यामुळे सरळ झाली. पण ज्यांना आयकरच नाही अशा धर्मादाय संस्थांना हा चिमटा बसत नाही, आणि आमची मोठी गिऱ्हाइकं नेमकी तीच. त्यात दवाखान्याच्या बहुतेक सेवांना जीएसटी माफ असल्यानं आमच्या बिलातला जीएसटी त्यांना वळता करून मिळत नाही. मग ते तेवढं आमच्याच भावातून कापायला बघतात.

आता एकदाच वापरून फेकायचे नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या कापडाचे, संच आलेत. मोठ्या शस्त्रक्रियांना ते राहतील, त्यांच्याशी भांडण नाही. रोजच्या कामाला मात्र धुऊन वापरायचं कापडच परवडतं, पण लहान दवाखान्यांकडे धुलाईची सोय नसते. म्हणून धुलाईसाठी कुपवाडच्या एमआयडीसीत जागा बघतोय. बॉयलरचं कोटेशन हातात आहे, सांडपाण्याच्या परवानगीचे कागद चालू आहेत. बँकेला मात्र आधी दवाखान्यांचे लेखी करार हवेत.