रातांब्याखाली

एलीया संदेष्टा मरण मागत ज्या झुडपाखाली जाऊन बसला, त्याचं नाव मराठी बायबलमध्ये 'रताम' असं आहे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडील संध्याकाळच्या प्रार्थनेत हा अध्याय वाचायचे, तेव्हा रताम म्हणजे काय हे आम्हा भावंडांना माहीत नव्हतं. वडिलांनाही नव्हतं. 'असेल आपल्या बाभळीसारखं काहीतरी,' असं म्हणून ते पुढे वाचायचे. नोकरीला लागून दापोली तालुक्यात आलो, इथल्या बाजारात टोपल्या भरून लालभडक रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाहिले, आणि माझ्या मनातला एलीया त्या दिवसापासून रातांब्याखाली बसायला लागला. या दोन झाडांचा काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे. रताम म्हणजे वाळवंटातलं विरळ झुडूप, त्याची सावली ती किती असणार. रातांबा गर्द, वर निमुळता होत गेलेला, त्याच्याखाली भर दुपारीही अंधारल्यासारखं असतं. तरी ११ जून २०२० पासून मला ही दोन झाडं वेगळी करता येत नाहीत.

मी लाइनमन आहे. त्या वर्षी ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. बाणकोटची खाडी ओलांडली की अलीकडे आमचा मंडणगड आणि दापोलीचा भाग, म्हणजे वादळ शेजारच्या घरात शिरलं तसंच आमच्याही. केळशी, आंजर्ले, हर्णै या किनाऱ्याच्या गावांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ थोडाफार वाकून घेतो. पोफळ मधोमध मोडते. मोडलेली पोफळ तारांवर पडली की तार ताणते आणि सिमेंटचा खांब बुंध्यापाशी काडीसारखा तुटतो, आणि तो एक तुटला की त्याच्या ओढीने पुढचे दोन-तीन जातात. चार तारखेला सकाळी आम्ही पाहणीला निघालो, तेव्हा जीप गावाबाहेर दीड किलोमीटरवर थांबली. पुढे रस्ता कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

माझ्या खोलीचे पत्रेही त्याच दुपारी उडाले होते. बायको आणि सहा वर्षांची मुलगी शाळेच्या एका वर्गात, आणखी चार कुटुंबांबरोबर. मी त्यांना तिथे सोडलं आणि कामाला गेलो. पुढचे सात दिवस मुलीला झोपलेलीच पाहिली.

पण खरं सांगायचं तर मी वादळाच्या आधीच मोडलो होतो. वडील एप्रिलमध्ये गेले, पुनरुत्थानाच्या रविवारनंतर, म्हणजे ईस्टरनंतर, आठवड्याभराने. टाळेबंदी होती. जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा, तो वेळेत मिळाला नाही. वीस माणसांत माती झाली. भावाने मोबाइल धरला होता, रेंज जात-येत होती. शेवटच्या घटकेला चित्र थांबलं आणि नुसता आवाज आला, पेटीवर मातीची ढेकळं पडण्याचा. तो आवाज मी नंतर कितीतरी रात्री ऐकला. आमची इथली मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, बारा-चौदा घरांची, तीही उपासना बंद असल्यामुळे विखुरलेली. पाळकसाहेब फोन करायचे, 'प्रार्थना करताय ना?' म्हणायचे. मी 'हो' म्हणायचो. करत नव्हतो. गुडघे टेकले तरी शब्द येत नव्हते, आणि आले असते तर ते तोंडातून काढण्यासारखे नव्हते. ज्या बापाने मला प्रार्थना शिकवली, त्यालाच मी पोचवू शकलो नाही, हे देवाला कोणत्या तोंडाने आणि काय म्हणून सांगायचं?

तर अशा अवस्थेत आठवा दिवस उजाडला. गुरुवार होता. मोसमी पाऊस त्याच दिवशी कोकणात दाखल झाला, आणि घरांवर छपरं नव्हती. आम्ही एका खाडीकाठच्या वाडीत ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन उभी करत होतो. तिथे क्रेन जाणं शक्यच नव्हतं. गावातली पंधरा-वीस माणसं खांबाला दोरखंड बांधून, वासे खांद्यावर घेऊन, चिखलातून एकेक खांब आत नेत होती. मी त्यांना 'थांबा, दम घ्या' म्हणायचो आणि तीच मला म्हणायची, 'वायरमन, तुमी बसा वाइच.' असे तीन खांब उभे झाले होते. चौथा जुनाच, तिरका झालेला पण टिकलेला. त्याच्यावरचे फुटलेले पिन इन्सुलेटर बदलायचे आणि तार जोडायची, एवढं काम उरलं होतं.

इथे कामाची एक गोष्ट सांगायला हवी. उच्चदाबाच्या खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, स्विच उघडायचा, आणि मग डिस्चार्ज रॉड तारांना लावायचा. लांब दांडा, टोकाला हूक, हुकाला तांब्याची वायर आणि वायरचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. तारेत काही असेल तर ते तुमच्या अंगातून जाण्याआधी त्या वाटेने जमिनीत जावं, यासाठी. उपकेंद्रातून लाइन आठ दिवस बंद होती. अशा वेळी माणसाला वाटतं, मेलेली तार आहे, तिची काय परीक्षा घ्यायची. पण वादळानंतर खरा धोका उलट्या बाजूने येतो. एखाद्या घरी जनरेटर आणलेला असतो, मेन स्विच न पाडताच तो घरातल्या प्लगला जोडतात. मग तो करंट सर्व्हिस वायरवरून बाहेर खांबावर येतो, तिथून डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरतो, आणि जी डीपी एरवी अकरा हजार व्होल्टचे चारशे करून देते ती उलटी चालून त्या थोड्या व्होल्टचे हजारो करते. हे मला पाठ होतं. नव्या पोरांना मीच शिकवत आलो होतो.

त्या दिवशी रॉड जीपमध्ये राहिला होता. जीप पडलेल्या झाडांपलीकडे अर्ध्या तासाच्या चालीवर. डीपीचे फ्यूज उतरवायलाही कोणी गेलं नव्हतं, कारण तिकडे वाटच नव्हती. मदतनीस पोरगा म्हणाला, 'भाऊ, रॉड?' मी म्हणालो, 'मेलेली लाइन आहे. पट्टा दे.'

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी आजवर बायकोलाही सगळं सांगितलेलं नाही. मरायचं ठरवलं होतं असं नाही. पण काय होईल त्याची पर्वा उरली नव्हती. एलीया म्हणाला होता, 'आता पुरे.' तेवढंच.

पट्टा कमरेला आवळत होतो, तेवढ्यात मागून एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्यांच्या घराची कौलं सगळी अंगणात होती, आणि अंगणातच तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी स्वयंपाक केला होता. म्हणाल्या, 'ये रं पोरा, आदी दोन घास खा. मग काय तो वर चड.' मी म्हणालो, 'आजी, चढून येतो, मग खातो.' 'तू सकाळधरनं तेच सांगतोस,' असं म्हणून त्यांनी सरळ माझा हात धरला. वीजवाल्याचा हात धरून कोणी त्याला खांबापासून ओढल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अंगणाच्या कडेला रातांब्याचं झाड होतं. आजूबाजूची पोफळीची वाडी झोपलेली, हे मात्र उभं होतं, बुंध्याशी पिकून पडलेली फळं. त्याच्याखाली मला बसवलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, आणि आगळ घातलेलं गार पाणी. भाकरी जाडसर होती. मी सहज म्हणालो, 'आजी, पीठ पुरवून वापरा, गिरण्या बंद आहेत.' त्या म्हणाल्या, 'डबा पालथाच केलाय आज. आता तू लाइट देशील तवा गिरन चालंल.' माझ्या घशात घास अडकला. सारफथच्या विधवेकडेही एलीयासाठी एवढंच उरलं होतं, मूठभर पीठ. पण हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त खात होतो, आणि खाता खाता रडत होतो. आजींनी का म्हणून विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणखी भरून ठेवला आणि त्या चुलीकडे गेल्या.

मग मी तिथेच झोपलो. किती वेळ, ठाऊक नाही. पोरगा नंतर म्हणाला, तासभर. आठ रात्रींत पहिल्यांदा तो पेटीवरच्या मातीचा आवाज आला नाही.

जागा झालो तो पावसाने. पोरगा समोर उभा, हातात रॉड. 'तुमी झोपलात, मग बसून काय करू? जाऊन आणला.' दूर कुठेतरी इंजिनाची फटफट चालू होती, झोपेतून उठलेल्या कानाला ती नीट कळलीही नाही. सळई ठोकली, रॉड वर नेला, तारेला टेकवला. चट्ट असा आवाज, निळी ठिणगी, आणि वाडीपलीकडची ती फटफट घरघरून बंद पडली.

पोरगा मटकन खाली बसला. मी रॉड धरून तसाच उभा होतो. मग मी स्वतः चालत त्या घरी गेलो. तिथल्या माणसाला ही गोष्ट माहीतच नव्हती. विहिरीवरचा पंप चालवून तो अख्ख्या वाडीला पाणी देत होता. मी त्याला मेन स्विच दाखवला, आधी तो पाडायचा हे समजावलं. तो हात जोडून उभा राहिला. मीच त्याला म्हणालो, 'चूक माझी झाली असती.'

ही गोष्ट सांगितली की आमच्यातले लोक म्हणतात, 'बघा, देवाने कसं राखलं!' मी मान हलवतो, पण तेवढ्यावर थांबवत नाही. माझ्याबरोबर लागलेला एक सहकारी काही वर्षांपूर्वी खांबावर काम करताना गेला. माझ्यापेक्षा कितीतरी भाविक माणूस, रोज सकाळी शास्त्र वाचून घराबाहेर पडणारा. त्याच्या वेळी कोणी आजी आल्या नाहीत. त्याच्या बायकोसमोर बसून 'देवाने मला राखलं' हे वाक्य मी उच्चारू शकत नाही, आणि जी साक्ष तिच्यासमोर देता येत नाही ती मंडळीसमोर तरी कशी देऊ? तो का गेला आणि मी का राहिलो, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

म्हणून मी ठिणगीपेक्षा भाकरीबद्दल जास्त बोलतो. एलीयाने मरण मागितलं तेव्हा देवाने त्याला रागावलं नाही, विश्वास कुठे गेला म्हणून विचारलं नाही. झोपू दिलं. मग दूताने स्पर्श करून उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला, तरी देव थांबला. दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच, पुढची वाट लांबची आहे म्हणून. होरेब डोंगर तिथून चाळीस दिवसांवर होता. बोलणं झालं ते त्यानंतर. हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण मी स्वतः प्रार्थना करत नसताना, देवाला तोंड दाखवायची इच्छा नसताना, कोणी माझ्यासाठी पिठाचा डबा पालथा करावा, हे मला अंगावर घडल्यावर कळलं. बाप गेल्यापासून मी देवाकडे पाठ करून होतो, आणि माझ्या पाठीमागेच चूल पेटलेली होती.

आणखी एक. वादळानंतर पुष्कळजण म्हणत होते, हा देवाचा कोप. मला ते पटलं नाही. त्याच अध्यायात पुढे होरेबावर डोंगर फोडणारा वारा सुटतो, आणि शास्त्र स्वच्छ सांगतं की परमेश्वर त्या वाऱ्यात नव्हता. भूकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. त्यानंतर एक मंद वाणी आली. माझ्यापुरती ती 'ये रं पोरा' अशी आली.

त्या रात्री शाळेच्या वर्गात, मुलीच्या उशाशी बसून, दोन महिन्यांनी पहिल्यांदा प्रार्थना केली. वडिलांना पोचवता आलं नाही म्हणून देवाशी भांडलो, मोठ्याने नाही, सगळे झोपले होते म्हणून. मन हलकं झालं असं म्हणणार नाही. त्यांची आठवण अजून तशीच बोचते. पण भांडायला समोर कोणीतरी आहे, हे कळलं.

वाडीची लाइन त्यानंतर सहाव्या दिवशी चार्ज झाली. आजींकडे गेलो तेव्हा त्या गिरणीवर गेल्या होत्या, डोक्यावर तांदळाचा डबा घेऊन. भेट झाली नाही. शेजारणीने त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली आमसुलांची पुडी दिली.

राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पुढच्या रविवारी आमची मंडळी एकत्र बसली, अंतर राखून, मास्क लावून. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ मला वाचायला सांगितला आणि अध्याय निवडायचं माझ्यावर सोडलं. मी बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडला, एलीयाचा. चौथ्या ओवीपाशी आवाज कापरा झाला, आणि रतामाच्या जागी तोंडातून 'रातांब्याच्या झुडपाखाली' असं गेलं. मुलीने मान वर करून पाहिलं. मी दुरुस्त केलं नाही. पुढे वाचत गेलो.