वेरूळ, अजिंठा, लोणार : दोन कॅमेरे आणि सव्वा स्टॉपचा हिशेब

प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला, म्हणजे फुल-फ्रेम, कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुटत नाही. तिथल्या लख्ख उजेडात कुठल्याही कॅमेऱ्याचा फोटो चांगलाच येतो. म्हणून डिसेंबरातल्या तीन दिवसांसाठी दोन बॅगा भरल्या. एकीत सोनी ए६४००, म्हणजे लहान सेन्सरचा एपीएस-सी, आपल्याकडे ज्याला सरसकट क्रॉप सेन्सर म्हणतात तो. दुसरीत भाड्याने आणलेला ए७ थ्री, म्हणजे फुल-फ्रेम. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोघांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, एकच. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. वार ठरवताना एवढं सांभाळायचं की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार धरले की अडचण येत नाही.

निघायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं बघून घ्यावीत. ए६४०० बॅटरी-कार्डासकट ४०३ ग्रॅम, सिग्मा १८-५० एफ २.८ लेन्स २९०, सोनी ७०-३५० लेन्स ६२५. एकूण १३१८ ग्रॅम. दुसऱ्या बॅगेत ए७ थ्री ६५०, २४-१०५ एफ ४ लेन्स ६६३ आणि ७०-३०० लेन्स ८५४, म्हणजे २१६७. साडेआठशे ग्रॅमचा हा फरक गाडीत जाणवत नाही, लोणारच्या विवरातून वर चढताना जाणवतो. फिल्टरही बदलतात : सिग्माला ५५ मिमीचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लागतो, २४-१०५ ला ७७ मिमीचा. बॅटरीच्या बाबतीत मात्र मोठी बॉडी सरस. कंपनीच्या आकड्यांनुसार मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढले तर ए७ थ्री एका बॅटरीत ७१० फोटो देतो, ए६४०० ४१०. छोट्या बॉडीसोबत दोन जादा बॅटऱ्या घ्याव्याच लागतात.

आता मूळ गणित. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. सोनी-निकॉनचा एपीएस-सी २३.५ × १५.६, म्हणजे ३६७. क्षेत्रफळ २.३५ पट, स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सव्वा. एकाच पिढीचे सेन्सर आणि एकच एफ-नंबर (लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, किती उघडं ते; आकडा लहान तितकं भोक मोठं) धरला तर फुल-फ्रेमची सगळी कमाई ती एवढीच. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे, म्हणजे नॉइज, वाढतात. फुल-फ्रेमवरचा आयएसओ ६४०० साधारण क्रॉपवरच्या २७०० इतका स्वच्छ दिसतो. हा सव्वा स्टॉप कुठे हाती लागतो आणि कुठे गळून जातो, तेवढंच तीन दिवस बघायचं होतं.

वेरूळला दुपारी दोननंतर पोचावं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासाचा दर्शनी भाग सावलीत असतो, ऊन दुपारनंतर येतं. प्रांगणात आयएसओ १००, एफ ८, शटर १/२०० सेकंदाला दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो घेतले. १२ × १८ इंचाच्या प्रिंटवर कुठला कोणाचा हे ओळखता येत नाही, आणि ६००० × ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला २० × १३ इंचांपर्यंत ताणली तरी तेच. भर उन्हात, बेस, म्हणजे सर्वांत कमी, आयएसओवर फोटो काढणाऱ्या माणसाने बॉडी बदलण्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

फरक दिसतो तो सावलीत. कैलासाच्या जोत्यातले हत्ती अंधारात आणि वर आभाळ पांढरंफटक, अशी फ्रेम घेतली तर आभाळ जपण्यासाठी एक्सपोजर कमी ठेवावं लागतं आणि हत्ती नंतर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधून तीन स्टॉप वर ओढावे लागतात. तिथे क्रॉपच्या काळ्या दगडात दाणे लवकर उमटतात, फुल-फ्रेमच्या उशिरा. यावर फुकटचा उपाय आहे. ब्रॅकेटिंग लावून -२, ०, +२ स्टॉप असे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो सलग घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे. उन्हात शटर इतकं जलद असतं की ट्रायपॉडही लागत नाही. फक्त फ्रेममध्ये चालणारी माणसं असतील तर त्यांची भुतं होतात.

दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यात, सव्वा स्टॉपचं खरं रूप कळलं. दोन मीटरवरचा खांब आणि मागचा स्तूपातला बुद्ध, दोन्ही स्पष्ट हवेत. क्रॉपवर १८ मिमी, एफ ४, १/३०, आयएसओ ३२००. फुल-फ्रेमवर तीच चौकट मिळवायला २७ मिमी लागते आणि फोकसची तेवढीच खोली ठेवायला एफ ६.३. अपर्चर बारीक झालं, शटर तेच ठेवायचं, म्हणून आयएसओ ८००० वर गेला. म्हणजे सव्वा स्टॉप कमावला आणि सव्वा स्टॉप अपर्चरने खाल्ला. दोन्ही फोटोंतला नॉइज जवळपास सारखा. हातात कॅमेरा धरून, कमी उजेडात, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट हवं असेल तर मोठ्या सेन्सरचा फायदा उरत नाही. ट्रायपॉडवर तो परत मिळतो, कारण तिथे शटर हवं तितकं लांबवता येतं. पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

दुसऱ्या दिवशी अजिंठा, शहरापासून शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाडी ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणाऱ्या कड्यात ३० लेणी आहेत. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांवर वेळ घालवावा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि चालू नयेच.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जे सांगतो ते असं : एफ २.८, १/१५, आयएसओ ३२००. यावरून बाकीचे आकडे मांडता येतात.

ए६४०० सोबत येणारी १६-५० किट लेन्स ५० मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याच शटरला आयएसओ १२८०० लागतो. फोटोत रंग मातकट होतात, पद्मपाणीच्या मुकुटावरची बारीक रेघ नाहीशी होते, आणि माणूस म्हणतो की आता फुल-फ्रेम घ्यायलाच हवा. पण त्याच बॉडीवर सिग्मा ३० मिमी एफ १.४ लावली की आयएसओ ८०० वर येतो. चार स्टॉप, २६५ ग्रॅमच्या एका लेन्सने. बॉडी बदलून सव्वा मिळाला असता.

उलट बाजूनेही बघा. फुल-फ्रेमवर २४-१०५ एफ ४ लावली तर १/१५ ला आयएसओ ६४०० लागतो, म्हणजे दिसायला क्रॉपच्या २७०० सारखा. शेजारी क्रॉपवर एफ २.८ झूम आहे, आयएसओ ३२००. पाव स्टॉपचाही फरक उरला नाही. फुल-फ्रेमला एफ ४ झूम लावून फिरणं म्हणजे क्रॉपला एफ २.८ झूम लावून फिरणंच, फक्त लेन्स दुपटीहून जड. एफ-नंबरलाही क्रॉप फॅक्टर, म्हणजे दोन सेन्सरांच्या लांबीचं दीड हे गुणोत्तर, लावून बघितला की हे कळतं. दुकानदार फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या मिमीला, दीड लावून दाखवतात आणि एफ-नंबरचं सोयीस्कर विसरतात.

फुल-फ्रेम खरोखर पुढे गेला तो ५० मिमी एफ १.८ लावल्यावर. १/१५ ला आयएसओ १२५० आणि फाइल देखणी. पण तीन मीटरवरून फोकसची खोली मिळते जेमतेम ४० सेंटीमीटर. भिंतीसमोर सरळ उभं राहिलं तर चालतं. बाजूने तिरपा फोटो घेतला की भिंतीचं एक टोक धूसर.

आणखी एक गफलत इथेच होते. ए७ थ्रीच्या बॉडीत सेन्सर हलवून कंप रोखणारं स्टॅबिलायझेशन आहे, ए६४०० मध्ये नाही. त्या जोरावर ३५ मिमीला १/४ वरही चित्र स्पष्ट आलं आणि एफ ४ ला आयएसओ १६०० पुरला. हे श्रेय सेन्सरच्या आकाराचं नव्हे. ए६६०० आणि ए६७०० या क्रॉप बॉड्यांतही ते असतं. भाड्याच्या फुल-फ्रेमवर खूश होऊन परतणारे बरेचदा स्टॅबिलायझेशनवर खूश झालेले असतात. शिवाय ते चित्रालाच उपयोगी, चित्राकडे बघणाऱ्या माणसाला नाही. १/४ ला माणूस पुसटणारच. स्टॅबिलायझेशन नसेल तर पट्टा मानेवर ताणून, कोपरं बरगड्यांना लावून, पाच सलग फोटोंचा बर्स्ट घ्यावा, त्यातला एखादा स्पष्ट निघतो. आधारासाठी भिंतीला किंवा खांबाला टेकू नये.

लेण्यांतल्या दिव्यांखाली सायलेंट शटर बंद ठेवा. एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरने आडवे पट्टे येतात, या दोन्ही बॉड्यांत. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंग खरे यायला, ग्रे कार्डाचा (करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो प्रत्येक लेण्यात घ्यावा, नाहीतर पिवळी माती खरी किती आणि दिव्याची किती ते घरी कळत नाही. फाइल रॉच हवी. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेलं, दाणे काढणारं डीनॉइज रॉवरच उत्तम काम करतं, आणि आयएसओ ६४०० चा क्रॉप फोटो त्याने इतका सावरतो की सव्वा स्टॉपची चर्चा निम्मी संपते.

तिसरा दिवस लोणार. जालना-सिंदखेडराजामार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झालेलं. कड्यावरून पूर्ण कडं एका चौकटीत घ्यायचं तर कॅमेरा उभा धरून सहा-सात फोटो एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवत घ्यावेत आणि जोडावेत. त्यात सेन्सरचा आकार बघायची गरजच नाही.

खाली उतरल्यावर पाणपक्षी आणि मोर. इथे पारडं उलटं झुकतं. क्रॉपवर ३५० मिमीची चौकट फुल-फ्रेमच्या ५२५ मिमीसारखी, आणि पक्ष्यावर पूर्ण २४ मेगापिक्सेल. फुल-फ्रेमवर ३०० मिमीने काढलेला फोटो कापून तेवढाच पक्षी मोठा केला की उरतात आठ मेगापिक्सेलच्या आत. भरून काढायला २००-६०० घ्यावी लागते, ती एकटीच दोन किलोंवर. पक्षी हा मुख्य विषय असणाऱ्याने क्रॉप सोडण्याआधी त्या लेन्सची किंमत आणि स्वतःचे खांदे दोन्ही तपासावेत. धुळीत, वाऱ्यात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर बॉडीचं तोंड खाली धरा.

रात्री मात्र फुल-फ्रेमला दाद द्यावी लागली. अमावस्येच्या आसपास, कड्यावरून, गावाचे दिवे पाठीशी घेऊन मृग नक्षत्र. क्रॉपवर १६ मिमी एफ १.४, फुल-फ्रेमवर २४ मिमी एफ १.४, दोन्हींची चौकट सारखी. ५०० च्या नियमाने (५०० भागिले फुल-फ्रेमवरचे मिमी) २० सेकंद येतात, पण २४ मेगापिक्सेलवर तारे तेवढ्यात लांबट होतात. १० ते १२ सेकंदच ठेवा. वेळ वाढवता येत नाही, अपर्चर आधीच पूर्ण उघडं, सगळा विषय अनंतावर म्हणून खोलीची चिंता नाही. इथे सव्वा स्टॉप पूर्णच्या पूर्ण पदरात पडतो. मंद उजेडात नाचणारी माणसं, मांडवातलं लग्न, रंगमंच, इथेही तेच, अर्थात लेन्स एफ १.४ किंवा १.८ ची असेल तर.

तुम्ही कुठे बसता हे कळायला वर्षभरातले फोटो लाइटरूमच्या फिल्टरमध्ये घाला. आयएसओ ३२०० च्या वरचे वेगळे काढून त्यांचं अपर्चर बघा. तिथे ५.६ दिसत असेल तर प्राईम (झूम नसलेली) लेन्स घ्या. १.४ दिसत असेल आणि तरी नॉइज खुपत असेल तर मग फुल-फ्रेम. आणि हाती असलेल्या लेन्सेस मोजा. सोनीची किंवा निकॉनची क्रॉपची लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर बसते, पण फोटो दहाएक मेगापिक्सेलचा उरतो. कॅननच्या जुन्या ईएफ-एस लेन्सेस फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. म्हणजे बॉडीच्या किमतीत दोन-तीन लेन्सेस आणि मोठे फिल्टर धरूनच आकडा मांडायचा. संगणक मात्र बदलायची गरज नाही. फाइलचा आकार मेगापिक्सेलवर ठरतो, सेन्सरच्या लांबी-रुंदीवर नाही.

सेकंडहँड घेत असाल तर शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलंय ते, विचारा. ए७ थ्रीचं शटर दोन लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून १०० टक्क्यांवर बघा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा झोत तिरपा सोडा. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते, आणि भाव कितीही पडला तरी ती लेन्स घेऊ नये. नवी असो वा जुनी, घरी आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणारा ड्राय कॅबिनेट हवा. तोपर्यंत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा हायग्रोमीटर.