जाऊन ये, एरेन

"तायडे, पुतळ्यांचा फोटो काढशील ना, तेव्हा भिंतीच्या वरच्या कडेचापण काढ. झूम करून." हिताच्या सहलीला निघायच्या आदल्या रात्री धाकट्याचा हुकूम आला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काढ तू, मग सांगतो."

धाकटा पाटणला, मी जपानात फुकुओकाला. आमच्यात बोलायचे विषय तीनच: आईचं बीपी, त्याची एमपीएससी आणि 'अटॅक ऑन टायटन'. पहिल्या दोन विषयांवर तो दोन मिनिटांत गार होतो. तिसऱ्याला रात्र पुरत नाही.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की पन्नास मीटर उंच भिंतींच्या आत उरलीसुरली माणसं राहतात आणि बाहेर माणसं खाणारे टायटन हिंडतात. एक दिवस साठ मीटरचा एक टायटन भिंतीवरून डोकावतो, वेशीला भगदाड पाडतो आणि एरेन नावाच्या पोराच्या डोळ्यांदेखत त्याची आई जाते. हाजिमे इसायामा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये १३९व्या भागावर संपली. अ‍ॅनिमे, म्हणजे तिच्यावरची कार्टून मालिका, चालली २०१३ ते २०२३. बघायची असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी शेवट फोडणार आहे. इकडे याला 'नेताबारे' म्हणतात आणि ऑफिसात नेताबारे करणाऱ्याशी लोक जेवायच्या सुट्टीत बोलत नाहीत.

मासिकात महिन्याला एक भाग. मधले तीस दिवस माणसं काय करणार? तर्क लढवणार. जपानी चाहते या तर्काला 'कोसात्सु' म्हणतात. मला पहिल्यांदा हसू आलं होतं, कारण आमच्या टेस्ट रिपोर्टमध्ये निष्कर्षांच्या आधी जो भाग लिहावा लागतो त्याचंही नाव कोसात्सुच. माझा साहेब माझ्या कोसात्सुवर लाल पेनाने जेवढं लिहितो, तेवढंच इथले चाहते एकमेकांच्या कोसात्सुवर लिहितात. लेखकाने आधी पेरून ठेवलेल्या खुणेला 'फुकुसेन' म्हणायचं, आणि ती पुढे उलगडली की 'फुकुसेन काइश्यू'. काइश्यू म्हणजे गोळा करणं. हाच शब्द माझ्या बिल्डिंगखाली कचऱ्याच्या वेळापत्रकावर आहे. फुकुओकात कचरा रात्री उचलतात. बारा वाजता पिशवी खाली नेताना मला हमखास इसायामा आठवतात: पंधरा भागांपूर्वी कोपऱ्यात टाकलेली पिशवी हा माणूस बरोब्बर उचलून नेतो.

आमच्या धाकट्याला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, तरी कथेतल्या पाट्यांवरची लिपी ही उलटी धरलेली काताकाना, म्हणजे जपानीच एक लिपी, आहे हे मला त्याने सांगितलं! मी पुण्यात जपानी भाषेच्या एन-फोर परीक्षेसाठी तीच काताकाना घोकत होते. फोन उलटा धरला आणि खरंच एकेक अक्षर वाचता यायला लागलं. डब्यावर काय लिहिलंय, दुकानावर काय लिहिलंय. आई विचारायची, मान का वाकडी करून बसलीयेस. कथेतला जगाचा नकाशाही आपल्याच पृथ्वीचा उलटा निघाला आणि नायकांचं बेट मादागास्करसारखं. एवढं जुळल्यावर माणसाला प्रत्येक पानात खूण दिसायला लागली तर दोष कोणाला द्यायचा?

सगळ्यात मोठा वाद पहिल्याच भागाचा. त्याचं नावच 'दोन हजार वर्षांनंतरच्या तुला'. छोटा एरेन झाडाखाली झोपलाय. त्याच्या आधीच्या चौकटीत आखूड केसांची एक मुलगी म्हणते, "इत्तेराश्शाइ, एरेन." तो रडत जागा होतो, आणि त्याच्याच घरी वाढणाऱ्या, समोर उभ्या छोट्या मिकासाला विचारतो, तुझे केस वाढले का गं? बास. यावर टाइम लूपचा तर्क उभा राहिला: हे सगळं आधी घडून गेलंय, एरेन पुन्हापुन्हा तेच आयुष्य जगतोय, शेवटी पहिल्या पानावर परत येणार. धाकटा लूपवाला. कट्टर.

ते वाक्य परत आलं ते मार्च २०२१ मध्ये, १३८व्या भागात. पहिल्या पानानंतर साडेअकरा वर्षांनी. मिकासा, आता आखूड केसांची, स्वतःच्या हाताने एरेनला मारते आणि म्हणते, "इत्तेराश्शाइ, एरेन." इंग्रजीत त्याचं झालं 'सी यू लेटर'. जगभर त्या तीन शब्दांचा कीस पाडला गेला: 'लेटर' म्हणजे कधी? पुढच्या जन्मी? पुढच्या लूपमध्ये?

आता मी सांगते. इत्तेराश्शाइ हा शब्द मी रोज सकाळी पावणेआठला ऐकते. शेजारच्या आजी कुंड्यांना पाणी घालत असतात. मी कुलूप लावलं की त्या म्हणतात, "इत्तेराश्शाइ." मी म्हणते, "इत्तेकिमासु." फोड केली तर पहिल्याचा अर्थ 'जाऊन या' आणि दुसऱ्याचा 'जाऊन येते'. आपल्याकडे तरी उंबऱ्यातून 'जाते' कोण म्हणतं? आज्जी जिभेवर चटका देईल! 'येते' म्हणायचं. गाव सोडून परदेशी निघालेलीसुद्धा 'येते' म्हणूनच निघते. मी विमानतळावर तेच म्हटलं होतं. त्या चौकटीत मिकासा जे म्हणते ते हेच आहे, घरातल्या माणसाने दारातून म्हणायचं वाक्य, आणि जाणारा परत येणार नाही हे म्हणणारीला पक्कं ठाऊक आहे. मला तिथे लूप-बीप काही दिसत नाही. धाकट्याला मी हे सगळं समजावलं. तो म्हणाला, "जाऊन ये म्हणजे परत येणारच ना? म्हणजे लूपच!"

मांगाच्या शेवटावर लोक भडकले ते मात्र उगाच नव्हे. एरेनने भिंतीबाहेरचं बहुतेक जग पायदळी तुडवलंय, आणि त्याचा मित्र आर्मिन त्याला म्हणतो की आमच्यासाठी तू कत्तल करणारा झालास, त्याबद्दल आभार. मी ते पान दोनदा वाचलं. पटलं नाही, अजून पटत नाही. मग पुढची अडीच वर्षं नवा कोसात्सु चालला, अ‍ॅनिमेचा शेवट वेगळा असणार. धाकट्याकडे पुरावे होते. शेवटगीतातली चित्रं, कुठल्यातरी पोस्टरमधला पक्षी, सगळं फोल्डर करून ठेवलेलं. अभ्यासाचं असं फोल्डर केलं असतंस तर, हे आईचं वाक्य. मी फक्त पोचवलं.

४ नोव्हेंबर २०२३च्या रात्री बारा वाजता इथल्या एनएचके वाहिनीवर शेवटचा भाग लागला, जवळपास दीड तासाचा. तुमच्याकडे तेव्हा साडेआठ. त्याला तो सकाळी स्ट्रीमिंगवर मिळणार होता. रात्रभर त्याचे मेसेज: "सांगू नकोस. पण वेगळा आहे ना? फक्त हो-नाही सांग." वेगळा नव्हता. कथा तीच, फक्त एरेन-आर्मिनचं बोलणं इसायामांनी नव्याने लिहिलं होतं. आता आर्मिन आभार मानून मोकळा होत नाही; पापातला आपला वाटा घेतो, नरकात आपण दोघं बरोबर असू म्हणतो. मला वाटतं, चाहत्यांच्या सगळ्या आरडाओरड्यातून निघालेली ही एक खरीच चांगली गोष्ट. धाकटा दोन दिवस बोलला नाही.

तर हिता. इसायामांचं गाव. फुकुओकातल्या हाकाता स्टेशनहून क्युदाई लाइनची गाडी धरली, डोंगर जवळजवळ येत गेले आणि मग चारी बाजूंनी बसले. हिता स्टेशनबाहेर कथेतल्या लीवाय कॅप्टनचा पुतळा, त्याच्या शेजारी फोटोसाठी शिस्तीत रांग. बाकीचे पुतळे धरणापाशी, म्हणून माहितीकेंद्रात धरणाचा रस्ता विचारला. बाईंनी नकाशावर गोल करून दिला, वाकल्या आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाइ." मी दारातच थबकले. त्यांना वाटलं, आणखी काही विचारायचंय.

टॅक्सीवाले काका सत्तरीचे, ओयामाचेच. इसायामा वाढले ते हेच खोरं. डोंगर भिंतीसारखे वाटायचे असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. काकांना टायटनमध्ये रस नव्हता. त्यांनी आलुबुखाराच्या जातीच्या उमे फळाचं सांगितलं. १९६१ मध्ये या गावाने भाताचा नाद कमी करून उमे आणि चेस्टनट लावायचं ठरवलं, आणि घोषणा काय तर 'उमे-चेस्टनट लावू, हवाईला जाऊ'! विमान न पाहिलेली माणसं. आणि पुढे खरंच गेली. कथेतला छोटा आर्मिन आजोबांनी लपवून ठेवलेल्या पुस्तकातून एरेनला भिंतीपलीकडच्या समुद्राबद्दल सांगतो, ते आठवून मी काकांना विचारलं, इथून समुद्र दिसतो का कुठून? "इथून?" काका आरशातून माझ्याकडे बघत हसले.

ओयामा धरणाच्या पायथ्याशी तिघं उभी आहेत: लहानपणीचे एरेन, मिकासा, आर्मिन, वर बघत. २०२०च्या नोव्हेंबरपासून. धरण ९४ मीटरचं, म्हणजे कथेतल्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट. आमचं कोयनेचं १०३ आहे, शाळेच्या सहलीत मी त्याच्यापुढे उभी राहून वडापाव खाल्लाय. मला काही सुचलं नव्हतं. आर्मिनच्या पुतळ्याच्या खांद्यावर पाऊस साचला होता. आजूबाजूचे सगळे बोलता बोलता तिघांच्या नजरेने वर बघायचे आणि गप्प व्हायचे. मीही बघितलं. काँक्रीट, आणि वर आभाळाची पट्टी.

कडेचा फोटो झूम करून पाठवला. तीन मिनिटांत फोन.

"तायडे, वर कठड्यापाशी कोणीतरी उभंय."

"धरणावरचा माणूस असेल. नाहीतर कोणी फिरायला आलेलं."

"बाई आहे का बघ. केस लांब आहेत की आखूड?"