बांधापलीकडचे सहा गुंठे

आमच्या ख्रिस्ती मंडळीत अलीकडे ‘पाप’ हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. प्रार्थनेत ‘आमच्या चुका’, ‘आमच्या उणिवा’, ‘आमचा दुबळेपणा’ असे शब्द येतात. थेट पाप म्हटले तर कोणी दुखावेल, अशी भीती त्यामागे असावी. ती भीती मला समजते, पण पटत नाही. चूक आणि पाप यांतला फरक मला प्रथम कळला तो खानापूर तालुक्यातील आमच्या भातशेतीच्या बांधावर.

बांध कोरणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याच्या बाजूला एखादा तास जास्त मारायचा, पावसाळ्याआधी माती सावरण्याच्या निमित्ताने बांध वीतभर सरकवायचा. एकदा भात वाढले की कोणाला काही दिसत नाही. माझ्या आजोबांनी हे पंधरा वर्षे केले. शेजारचा मालक वारला होता, त्याची विधवा लहान मुलांना घेऊन शेत सांभाळत होती, आणि विचारणारे कोणी नव्हते म्हणूनच आपला हात धजावला, असे आजोबांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या सर्व काळात ते मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, होते आणि नेमाने प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर व प्याला, घेत होते.

एका रविवारी उपासनेत बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचला गेला. शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवणाऱ्यावर तेथे शाप उच्चारला आहे आणि सर्व लोकांनी त्याला ‘आमेन’ म्हणायचे आहे. आजोबांच्या तोंडून तो आमेन निघाला नाही. त्याच आठवड्यात ते पाळकांकडे गेले. पाळकांनी त्यांची समजूत घातली नाही. ‘लेवीय’ या पुस्तकाचा ६ वा अध्याय उघडून समोर ठेवला. लुबाडलेले पुरते परत करावे, त्यात पाचवा हिस्सा अधिक घालावा, ते ज्याचे त्याच्या हाती द्यावे, आणि त्याबरोबर दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचे अर्पण, आणावे, असे तेथे सांगितले आहे. वेदीपाशी जाणाऱ्याला शेजाऱ्याचा उंबरठा टाळता येत नाही. मोजणी झाली, पाच गुंठे निघाले, आणि आजोबांनी सहा सोडले.

नवा बांध घातला त्या दिवशी ती बाई तेथे उभी होती. ती म्हणाली, ‘‘अण्णा, रान आलं माघारी. पण पंधरा सुग्यांचं भात कुठनं आणून देणार तुम्ही? माझ्या थोरल्यानं शाळा सोडली, त्या साली ते भात घरात असतं तर?’’

आजोबांनी पैसे पुढे केले आणि तिने ते घेतलेही. पण थोरल्याच्या शाळेचे वर्ष कोणत्याही पैशाने परत येणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. कँटरबरीचा अन्सेल्म (१०३३–११०९) या ख्रिस्ती विचारवंताने आपल्याशी संवाद करणाऱ्या शिष्याला म्हटले होते की, पापाचे वजन केवढे आहे हे तू अजून जोखलेच नाहीस. ते वजन मी त्या बाईच्या प्रश्नात पाहिले आहे.

५१ व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला म्हणतो की, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले आहे. आपल्याच शिपायाचा, उरीयाचा, जीव घेऊन असे म्हणणे मला पूर्वी अन्यायाचे वाटे. पण ६८ वे स्तोत्र देवाला पोरक्यांचा पिता आणि विधवांचा कैवारी म्हणते. विचारणारे कोणी नाही, असे आजोबांना वाटले तेथे विचारणारा होता, आणि सरकवलेला प्रत्येक वीतभर बांध त्याच्या हद्दीत शिरत होता. माणसाविरुद्धचा अपराध लहान होऊन देवाविरुद्धचा मोठा होतो असे येथे नाही. त्या बाईचा कैवार देवाने घेतला आहे, म्हणूनच तिच्याविरुद्धचा अपराध एवढा मोठा आहे.

‘पापाचे वेतन मरण आहे’ या रोमकरांस पत्रातील (६:२३) वाक्यात मूळ ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: पगार कोणाच्या मर्जीने मिळत नसतो, तो हक्काने हातात पडतो. त्याच वचनात पुढे कृपादानाचा शब्द येतो, आणि तो मात्र कमाईचा नाही.

मग ही कृपा न्यायाला बगल देते काय? आपल्या भाषेत प्रायश्चित्त म्हणजे अपराध्याने स्वतः घ्यायचे काही. याच बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या आणि १८५४ साली येथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या पिढीने ख्रिस्ती विचार मराठीत मांडले, तेव्हा असे जुने शब्द नव्या अर्थाचे ओझे वाहू लागले. मराठी पवित्र शास्त्रात ‘प्रायश्चित्त’ आहे, पण ते देवाने पुढे केलेले, ख्रिस्ताच्या रक्ताने झालेले आहे, आणि रोमकरांस पत्राचा लेखक पौल त्याचे कारण सांगतो की, देवाने स्वतः न्यायी असावे व विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावे (रोम. ३:२६). पंधरा सुग्या जाऊ द्या, असे देव वधस्तंभावर म्हणत नाही. ते देणे आहे, ते फेडलेच पाहिजे, आणि आजोबांच्याने ते फिटत नाही, हे तेथे मान्य केले आहे. शिक्षा नको असणाऱ्या आम्हाला ही गोष्ट सुखाची वाटते; पण ती ऐकताना बांधापलीकडे उभी असलेली बाई मला विसरता येत नाही.

तिच्यासाठी न्यायाचा दिवस ही भयाची वार्ता नसावी. ९६ व्या स्तोत्रात परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो, तेव्हा शेत आणि शेतातले सारे काही उल्हासते, रानातली झाडे गजर करतात. उपासनेत ते स्तोत्र आले की ‘शेत’ या शब्दापाशी माझा आवाज थांबतो. थोरला आता तेच रान कसतो. रोपलावणीच्या दिवसांत आम्ही बांधाच्या दोन बाजूंना वाकलेले असतो, आणि पाऊस उघडला की तो मला चहाला हाक मारतो.