ड्रायक्लीनिंगचा ढीग आज घरीच धुतला

लोकरीचे स्वेटर, रेशमी स्टोल, एक-दोन कुर्ते. दरवेळी डोळे झाकून ड्रायक्लीनिंगला टाकायचो. आज प्रत्येकाचं लेबल नीट वाचलं आणि निम्म्याहून जास्त कपड्यांवर टबात बुडवलेल्या हाताचं चिन्ह निघालं! म्हणजे हाताने धुवा. दुकानात न्यायची सक्ती नव्हतीच.

लोकर नुसत्या पाण्याने फारशी आटत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड घट्ट होतं. म्हणून पाणी गारच, ३० अंशांच्या आत. नेहमीची पावडर नको, कारण बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग काढणारं एन्झाइम असतं, आणि लोकर-रेशीम हीसुद्धा प्रथिनंच. लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड घ्या. स्वेटर पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवाच वाळवायचा. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने खाली लोंबतो, बाह्या तर हातभर होतात.

स्टोलचा कोपरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहिला. रंग लागला नाही, मगच पाण्यात घातला.

कोट मात्र बाजूला ठेवलाय. आतलं अस्तर आणि कॉलरला ताठ ठेवणारं आतलं जाड कापड (कॅनव्हास) पाण्याने बिघडतं, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये. बाकी सगळं घरच्या बादलीत झालं आणि दुकानाचं बिल एका कोटापुरतं उरलं. फार बरं वाटतंय!