नववा आठवडा: ८० लिटर पाणी सहा दिवस पुरलं

व्हॅनमध्ये राहायला आलो तेव्हा ८० लिटरची टाकी आम्हा दोघांना जेमतेम तीन दिवस पुरायची. काल सहाव्या दिवशी संध्याकाळी ती भरायला गेलो, तर तळाशी अजून थोडं पाणी शिल्लक होतं. आतलं सगळं लाकूडकाम संपलं त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

सुरुवातीला माझं सगळं लक्ष ताज्या पाण्यावर होतं. प्रत्यक्षात मुक्काम हलवावा लागायचा तो सांडपाण्याच्या टाकीमुळे. ती ६० लिटरचीच आहे. रोजच्या २६ लिटरपैकी पिण्यात आणि शिजवण्यात साधारण ५ लिटर जायचे, उरलेले २१ थेट खालच्या टाकीत. तिसऱ्या दिवशी ती काठोकाठ. त्यामुळे आधी सिंक आणि न्हाणीवरच हात घातला. (टॉयलेट कोरडं, लघवी वेगळी साठवणारं आहे, म्हणून तिथे पाण्याचा प्रश्नच नाही.)

नळाखाली एक लिटरची बाटली धरून मोबाइलवर वेळ लावली. नऊ सेकंदांत भरली! म्हणजे मिनिटाला साडेसहा लिटरच्या वर. साबणाचे हात धुताना नळ अर्धा मिनिट जरी चालू राहिला तरी तीन लिटर गेले. आता भांडी आधी सिलिकॉनच्या उलथन्याने निपटून घेतो, मग थोड्या साबणाच्या पाण्याने घासतो आणि स्प्रेच्या बाटलीने खळबळतो. आठ लिटरचं काम तीनमध्ये होतं. अंघोळ एक दिवसाआड, मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसायचं. शॉवरला बटण असलेलं तोंड बसवलं. गरम पाणी येईपर्यंतचं दीड लिटर गार पाणी कॅनमध्ये धरतो आणि तेच भांड्यांना वापरतो. पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नाही आणि करूही नये.

गळती सापडली ती रात्री. दोनच्या सुमाराला जाग आली. सगळं शांत होतं, आणि पंप क्षणभर घुर्र करून थांबला. नळ तर सगळे बंद. थोड्या वेळाने पुन्हा घुर्र. लाइनमधला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो, म्हणजे पाणी कुठूनतरी जात होतं. टॉर्च घेऊन उठले. शॉवरच्या नळातून थेंब थेंब पडत होता, थेट जाळीवर, त्यामुळे दिवसा कधी लक्षातच आलं नाही. खाली एक मग ठेवला. आठ तासांत साधारण ६५० मिलीलिटर, म्हणजे दिवसाला दोन लिटर. वॉशर बदलला आणि थेंब थांबला. आता झोपताना पंपाचं बटण बंद करतो. गाडी हादरत असते, सांधे सैल होणारच, तेव्हा तुम्हीही एकदा रात्री कान देऊन बघा.

विजेतही असाच एक चोर सापडला. लिथियम बॅटरीचा (LiFePO4, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) व्होल्टेज चार्ज उतरत असतानाही बराच वेळ जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवर काही कळत नाही. शंट मीटर (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा) लावला तेव्हा दिसलं, की इन्व्हर्टर काहीही जोडलेलं नसताना १८ वॉट खातोय. चोवीस तासांचे ४३२ वॉट-अवर. आमची बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची, म्हणजे तिचा सहावा हिस्सा फुकट जात होता. लॅपटॉप आता १२ व्होल्टच्या चार्जरवर चालतो आणि इन्व्हर्टर गरज असेल तेवढाच चालू.

छतावरची १५० वॉटची दोन सोलर पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली होती. एकावर फांदीची सावली पडली की दोघांचं मिळून उत्पादन कोसळायचं. ती पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी स्वतंत्र जोडली. करंट दुप्पट होतो म्हणून वायर जाड घातली. सकाळच्या सावलीतला फरक मीटरवर स्पष्ट दिसतो.

गॅसचं थोडक्यात: सिलिंडर हुकच्या वजनकाट्याला लावायचा आणि त्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करायचं, की उरलेला गॅस कळतो. कुकर आल्यापासून वहीतले गॅसच्या वापराचे आकडे हळूहळू उतरताहेत.

फ्रिज अजून समाधानकारक नाही. कंप्रेसर दुपारी फार वेळ चालू राहतो. मागची गरम हवा कोंडतेय असं वाटतं, कारण तिथे हात घातला की चटका बसेल इतकं तापलेलं असतं. या आठवड्यात हवेसाठी खाली-वर झरोके कापून एक छोटा पंखा बसवणार आहे. आधीचे सात दिवसांचे आकडे लिहून ठेवलेत, नंतरचे सात दिवसांचे घेऊन मग सांगते.