आमची वाटचाल : पडवीतलं आरमार

छंदाचे पैसे मागायला जीभ लवकर रेटत नाही. शाळेत असल्यापासून मी पडाव, मचवे, होड्या यांची लाकडी मॉडेलं करायचो आणि मालवणात ज्याच्या त्याच्या घरी फुकट नेऊन ठेवायचो. त्याचा धंदा झाला तो मेस्त्रींमुळे. हे गृहस्थ आयुष्यभर खऱ्या होड्या बांधत आले. फायबरच्या बोटी आल्या आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा आमच्या पडवीत येऊन बसू लागले. माझे सगळे सांगाडे त्यांनी मोडायला लावले. "पयली फळी वाकय, मगे खिळो मार."

आमच्या मॉडेलांचं प्रमाण १:४८, म्हणजे खऱ्या फुटाला पाव इंच. दोन इंच जाडीची फळी इथे जेमतेम एक मिलिमीटर उरते आणि ती न मोडता नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, वळवायची असते. आम्ही शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या काढतो, गरम पाण्यात भिजवतो, वाफेवर धरून वाकवतो. खिळे बांबूचे, सोनार तार ओढतो त्या पट्टीच्या भोकांतून एकेक माप कमी करत ओढलेले. मेस्त्रींची बोटाएवढी पटाशी अजून माझ्याकडे आहे. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही.

पोटाला मात्र आरमाराने नाही, दशावतारी नाटकांच्या सामानाने घातलं. एका मंडळाचे मालक, आमचे आबा, पहिल्यापासून आमचे गिऱ्हाईक. गदा दिसायला भारदस्त हवी, पण भीम करणाऱ्याला ती रात्रभर पेलायची असते. म्हणून दांडा बांबूचा, गोळा कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ, वर बेगड. नवीन मुलं थेट फोमची गदा करतात. ती आपटली की उसळते आणि लोक हसतात. करू नका. २०२० साली जत्रांचा हंगाम अर्ध्यावर बंद पडला, तरी आबांनी सांगितलेले मुकुट उचलले आणि हप्त्याहप्त्याने का होईना, पै न् पै चुकती केली.

मधली वर्षं बरी गेली. आता हॉटेलच्या प्रकरणाकडे येतो.

एका हॉटेलवाल्याला दर्शनी दालनात अख्खं आरमार मांडायचं होतं. गलबतं, गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि मधोमध सिंधुदुर्ग किल्ला. मी पतपेढीचं कर्ज काढलं, लाकूड भरलं, त्या वर्षीची मखरांची कामं परत पाठवली. निम्मे सांगाडे उभे राहिले आणि शहरातून एक लेझरवाला आला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता, यंत्राने कापायचं, जोडायचं, वर तपकिरी रंग. आमच्या निम्म्या भावात आणि पंधरवड्यात. हॉटेलवाल्याने आमचं काम थांबवलं ते एका फोनवर, आणि तोही मुलाकरवी! बँड सॉ, म्हणजे आमची विजेची करवत, विकला तेव्हा पतपेढीची माणसं दारात यायची थांबली. मेस्त्रींनी त्या काळात मजुरी घेतली नाही. मी चिडून दिली तर पाकीट रंध्याखाली ठेवून गेले.

पुढे ते आरमार बघायला आम्ही दोघे मुद्दाम गेलो. 'गलबत' अशी पाटी, आणि वर तीन डोलकाठ्या, चौकोनी शिडं, मागे इंग्रजी जहाजासारख्या काचेच्या खिडक्या! अहो, गलबत फार तर सत्तर टनांचं. काठ्या दोन, त्यातली मागची किरकोळ. मोठ्या काठीला एकच भलंमोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून शत्रूवर नेत. मेस्त्री चारी बाजूंनी फिरले आणि व्यवस्थापकाला विचारलं, "ह्येची वल्ही खंय हत? वारो पडलो तर घराक कशे येतले?" त्याला कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगलं, हे मला कळलं आणि मी त्या रात्री दोन घास जास्त जेवलो. लपवत नाही.

म्हणून सांगतो, किनाऱ्यावर राहणाऱ्याने एमडीएफच्या नादी लागू नये. दोऱ्यांना मेण चोळावं, नाहीतर दमट हवेत सुती दोरा आखडतो आणि काठ्या वाकवतो. मॉडेल खिडकीत ठेवू नये. आणि अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय करवत उचलू नये, समोर सख्खा मेव्हणा असला तरी.

२०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून किल्ल्यांची विचारणा वाढली आहे. 'दरवाजा समोरून दिसू दे' असा आग्रह पुष्कळ जण धरतात. सिंधुदुर्गाचा दरवाजा बाहेरून सहज दिसू नये असाच बुरुजांच्या आड बांधला आहे, त्यामुळे आमच्याही मॉडेलमध्ये तो शोधावाच लागेल.

दशावताराच्या सामानाची मागणी गणपतीआधी नोंदवावी. गलबताला वेळ लागतो. किती, ते लाकूड ठरवतं. वल्ही वगळून स्वस्तात पडेल का, असं कृपया विचारू नये.